बागूल सरांची हजेरी

बागूल सरांच्या वर्गात ‘अस्तित्व’ हा शब्द वापरायला बंदी होती. पोरांनी शिवी दिली तर सर एकवेळ ऐकून न ऐकल्यासारखं करत. सुरतेतल्या उधन्याच्या पोरांच्या शिव्या तीन भाषांतून येतात, कोणकोणती अडवणार? पण निबंधात कुणी ‘पाण्याशिवाय मानवाचे अस्तित्व धोक्यात येईल’ असं लिहिलं, की लाल पेन जागीच थांबायचं आणि लिहिणाऱ्याला उभं राहावं लागायचं.

“अस्तित्व कुठं भेटलं तुला?”

“गाइडमधी, सर.”

“आई कधी म्हणाली का, जा रे, डब्यात मिठाचं अस्तित्व आहे का पाहून ये?”

वर्ग हसायचा. पोरगं पण हसायचं. “आई म्हणते, मीठ शे का देख.”

“मग तसं लिही. पाणी नसलं तर माणूस राहणार नाही. संपलं. परीक्षकाला पटलं नाही तर त्याला माझ्याकडे पाठव.”

आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. शाळा एका ट्रस्टची, मराठी माध्यमाची, दोन्ही बाजूंना लूमची खाती. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि त्याचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. मी गणित शिकवायचो, म्हणजे ओरडायचो. बागूल सर मात्र साध्या आवाजात मराठी शिकवत आणि मागच्या बाकावरच्याला ऐकू जाई. हे त्यांना कसं जमतं, असं मी एकदा विचारलं. “पोरं घरी याच आवाजात बोलतात,” ते म्हणाले. “तुम्हीच बाहेरून आलात.” मी सातारकडचा. सुरतेत माझी इतकी वर्षं गेली, तरी सरांच्या लेखी मी कालच गाडीतून उतरलेला होतो.

त्यांचं पूर्ण नाव झिपरू सोनू बागूल. शाळेच्या फलकावर कुणीतरी सभ्यपणाने ‘झेड. एस. बागूल’ असं रंगवलं होतं. ते त्यांनी स्वतःच्या खर्चाने पुसून घेतलं आणि ‘झिपरू’ असं पूर्ण लिहायला लावलं. पोरांना चिडवायला आयतं मिळालं. मी म्हटलं, कशाला ही हौस? तर म्हणाले, “माझ्या आधीची भावंडं वाचली नाहीत. मग असं नाव ठेवलं, की वरच्यालाही उचलावंसं वाटू नये. नाव वाईट म्हणून मी आहे. ते झाकलं तर कसं व्हायचं?”

‘असणे’ या गोष्टीशी त्यांचा असा जन्मापासूनचा हिशेब होता, म्हणून असेल, पण त्या अर्थाचा एकही शब्द त्यांनी सुखाने नांदू दिला नाही. मधल्या सुटीत चहा आला की सुरू. ‘हयात’ हा शब्द त्यांना आवडायचा. त्यात माणसाचं वय येतं, कष्ट येतात, आणि विचारणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. ‘तुमचे वडील हयात आहेत का’ असं कुणी तारस्वरात विचारत नाही. ‘विद्यमान’वर त्यांचा राग होता. “विद्यमान अध्यक्ष, विद्यमान नगरसेवक. विद्यमान आई ऐकलीय का कधी? ज्याच्या खुर्चीवर दुसऱ्याचा डोळा आहे, तोच विद्यमान.” ‘वावर’ चांगला, कारण त्यात पायांचा आवाज आहे. आणि ‘नामोनिशाण’, ‘मागमूस’ हे शब्द काढले की ते थोडे गंभीर होत. “हे दोन शब्द बघा. मागमूस आहे, असं कुणी म्हणत नाही. नामोनिशाण आहे, असंही नाही. वस्तू गेली की मगच हे शब्द येतात. तोवर कुठं होते?”

आमचे मुख्याध्यापक चौधरी सर शांत स्वभावाचे होते, म्हणजे कटकट आवडत नसे. “बागूल, चहा थंड होतोय,” असं ते म्हणत आणि भाषाशास्त्राची बैठक बरखास्त होई.

हजेरीचा त्यांचा वेगळाच नियम होता. ‘यस सर’ नको, ‘हजर’ पण नको. हजर हा चौकीतला शब्द. नाव घेतलं की पोराने ‘आहे’ म्हणायचं. निम्मा वर्ग खानदेशातून आलेल्या घरांचा. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. त्यांच्या तोंडी ‘शे’ यायचं. सर ते तसंच घेत. चौधरी सरांनी एकदा व्हरांड्यातून ऐकलं आणि नंतर म्हणाले, “अहो, मराठीच्या तासाला तरी शुद्ध बोलायला लावा.” यावर बागूल सर: “पोरगं वर्गात आहे. आणखी किती शुद्ध पाहिजे?”

ऐकायला हे गोड वाटतं. रोज सहन करायला तितकं गोड नव्हतं. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एकदा शोकसंदेशांची रांग लागली. एक कारखानदार वारले होते. त्यांनी शाळेला पंखे दिले होते आणि प्रत्येक पात्यावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं, ते पंखा बंद असला तरच वाचता यायचं. ‘त्यांचे अस्तित्व सदैव आपल्यात राहील’ असं एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी तेच पुढे ढकललं. बागूल सरांनी खाली लिहिलं, ‘माणूस गेला. गेला म्हणा. आणि घरी जाऊन या.’ गटात आठवडाभर स्मशानशांतता. स्वतः सर मात्र रोज संध्याकाळी त्या घरी जात होते, वहिनींनी केलेला पिठलं-भाकरीचा डबा घेऊन. हे त्यांनी गटावर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर निम्मी भांडणं मिटली असती. पण तसं वागतील ते बागूल सर कसले!

आता शांतारामशेठ. त्यांच्याशिवाय पुढचं घडलं नसतं. हे गावाकडून आले तेव्हा शांताराम होते. मार्केटमध्ये साड्यांच्या दुकानात लागले तेव्हा शांतारामभाई झाले. स्वतःचं दुकान झाल्यावर शेठ. माणूस वाईट नव्हता. अडल्यानडल्या घराला मदत करायचा, फक्त फोटोग्राफर येईपर्यंत थांबायचा. शाळेतली पटसंख्या घटत चालली होती. पोरं हिंदी नाहीतर गुजराती माध्यमात चालली होती आणि सरकारच्या शिक्षण विभागाकडून वर्ग बंद करण्याचं पत्र आलं होतं. तेव्हा शांतारामशेठनी समिती काढली. नाव ठेवलं ‘मराठी शाळा अस्तित्व संरक्षण समिती’.

नाव ऐकून बागूल सरांनी डोळे मिटले. पण सभेला आले. आले, कारण त्यांना नववी-दहावीचे वर्ग वाचवायचे होते. दुसरं काही नको होतं त्यांना. ते मला एकदा म्हणाले होते, “ही पोरं इथं दहावीपर्यंत मराठीत वाचू-लिहू शकली, तर घरी आईशी बोलताना लाजणार नाहीत. एवढंच.” सभेत शेठ पाऊण तास बोलले. अस्मिता आली, अस्तित्व तर दर वाक्याला येत होतं, पोरं एकदाही आली नाहीत. शेवटी सरांनी हात वर केला.

“शेठ, पोरं वर्गात दिसली पाहिजेत. दोनदा तपासणी झाली, दोन्हीदा हजेरी कमी भरली. आता शेवटची आहे. तुम्ही घरोघरी सांगा, त्या दिवशी पोरगं घरी ठेवू नका.”

“सर, तुम्ही काळजीच सोडा. तारीखच आपण मागून घेतली आहे. श्रावणातला कानबाईचा सोमवार.”

सर उभेच राहिले. “सोमवार?”

“शिक्षण विभागाच्या मोठ्या अधिकारी, मोटाबेन, स्वतः येणार आहेत तपासणीला. येऊ द्या. अख्खा समाज रस्त्यावर असेल. बँड, गाड्या, हजारो माणूस. बघू द्या त्यांना मराठी माणसाचं अस्तित्व!”

टाळ्या पडल्या. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. श्रावणातल्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाची देवी, तिला दागिने, नऊवारी, गव्हाच्या पिठाचे रोट, रात्रभर गाणी. सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन, नाचत, विसर्जनाला न्यायची. गावाकडे जेवढी होते त्याहून सुरतेत जास्त जोरात होते, कारण इथं ती गावाची आठवणसुद्धा असते. त्या सोमवारी शाळेत येईल असं खानदेशी पोरगं अजून जन्माला आलेलं नाही.

“पोरं येणार नाहीत,” सर म्हणाले.

“येतील. दहा मिनिटं येतील, मग मिरवणुकीत जातील. मी सांगितलंय ना!”

“कुणाला सांगितलंय?”

“समाजाला.”

सर खाली बसले. मला हळूच म्हणाले, “समाजाला दप्तर नसतं.”

त्या सोमवारी सरांच्या घरीही कानबाई होती. वहिनी रागावल्या होत्या. घरच्या देवीला निरोप द्यायला घरधनी नाही, म्हणजे काय? सर आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून शाळेत आले. रस्ते भरलेले होते. प्रत्येक गल्लीतून एक मिरवणूक निघत होती, बायका फुगड्या घालत होत्या, माझ्या स्कूटरला वाट मिळेना. एवढी मराठी माणसं मी सुरतेत एका दिवशी कधी पाहिली नव्हती. शाळेत आलो तर व्हरांड्यात चिमण्या. सगळ्या वर्गांमध्ये मिळून तीन पोरं होती. तिन्ही रेल्वेच्या क्वार्टर्समधली, बौद्ध घरची. त्यांच्याकडे कानबाई बसत नाही. सपकाळ्यांची प्रज्ञा पहिल्या बाकावर, बाकीची दोन तिच्या मागे. बागूल सर त्यांना समास शिकवत होते, पन्नास पोरं बसली असावीत तसे.

तपासणीच्या बाई आल्या. वेळेवर आल्या, हीही एक अडचणच. शेठ मिरवणुकीत होते, हार तिकडे होता. बाईंनी एकेक वर्ग पाहिला आणि दारात थांबून विचारलं, “छोकरां क्यां छे, साहेब?”

चौधरी सर टेबलावरचा हजेरीपट चाळायला लागले. प्रज्ञाने उभं राहून सांगितलं, “बाकीचे कानबाईला गेलेत, मॅडम.”

बाई हसल्या. चांगल्या बाई होत्या, हे मी आजही म्हणतो. त्यांनाही येताना मिरवणूक लागली होती. त्या चौधरी सरांच्या खोलीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि गुजरातीत म्हणाल्या की, सण आहे, मला समजतं. आज शाळेला स्थानिक रजा होती असं मुख्याध्यापकांनी आणि वर्गशिक्षकांनी लिहून द्यावं. शाळा बंद, म्हणजे तपासणी झालीच नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा येईन.

चौधरी सरांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे लिहून सही केली आणि कागद बागूल सरांपुढे सरकवला. सरांनी वाचला. पेन काढलं नाही.

“रजा नव्हती,” ते म्हणाले.

“अहो, बागूल, पण होती असं समजा ना!”

“मग ही तीन पोरं काय आहेत?”

“ती आहेतच की.”

“शाळा बंद होती असं लिहिलं, तर ती आली नाहीत असं होतं. सगळ्या शाळेतून आज फक्त तीच आली. बाकीच्यांच्या सणासाठी यांचं येणं पुसायचं?”

मी मध्ये पडलो. खरं तर अंगावर गेलो. म्हटलं, सर, एक सही करा, दोन वर्ग वाचतात. हीच पोरं उद्या कुठं जातील? ते माझ्याकडे पाहत राहिले. चिडले नव्हते. अडकले होते. पंख्याची पाती फिरत होती, त्यांवरचं नाव वाचता येत नव्हतं. बाई थांबल्या. घड्याळाकडे न पाहता थांबल्या. शेवटी सर म्हणाले, “बेन, तुम्ही जे पाहिलं ते लिहा. तीन आहेत.”

बाईंनी सुस्कारा टाकला आणि पाहिलं ते लिहिलं.

शेठ घामाघूम होऊन, हार घेऊन आले तेव्हा बाईंची गाडी निघून गेली होती. हार वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तो सरस्वतीच्या फोटोला घातला.

दिवाळीनंतर वर्ग बंद झाले. सगळ्यांनी बागूल सरांना दोष दिला. तारखेचं कुणी बोललं नाही. पोरांना घरी ठेवणारे बापही बोलले, “मास्तरनं एक सही नही करी.” शेठ भाषणातून नाव न घेता ‘काही आत्मकेंद्री मंडळी’ म्हणायला लागले. हे सगळं सरांनी ऐकून घेतलं. लागलं ते दुसरंच.

प्रज्ञाचे वडील, सपकाळे, रेल्वेत रुळांच्या कामावर होते. पोरीचा दाखला न्यायला आले तेव्हा मी स्टाफरूममध्ये होतो. सरांना वाटलं असावं, हा तरी समजून घेईल. सपकाळे हात जोडून म्हणाले, “सर, तुम्ही आमच्या पोरीसाठी केलं, मला सांगितलं तिनं. पण लिहून टाकायचं होतं. एक दिवस ती आली नाही असं झालं असतं, तर तिला काय फरक पडला असता? आम्हाला सवय आहे. तिची शाळा राहिली असती.”

सरांनी दाखला त्यांच्या हातात दिला. मग म्हणाले, “तिला नसता पडला.”

“मग?”

“मला पडला असता.”

सपकाळ्यांनी मान डोलावली, पटलं म्हणून नव्हे, मोठ्या माणसाला उलट बोलू नये म्हणून. दाखला घडी करून खिशात घातला आणि गेले. प्रज्ञा पुढे हिंदी माध्यमात गेली. मला आजही या प्रकरणाची चीड येते. शेठची येते, चौधरींची येते, बापांची येते, आणि सरांची सगळ्यात जास्त येते. त्यांचं चुकलं असं मला ठामपणे म्हणता येत नाही, म्हणून अधिकच येते.

वर्ग गेल्यावर सर फाजल ठरले. गुजरातेत जादा झालेल्या शिक्षकाला फाजल म्हणतात, सरकारी कागदावरसुद्धा. मला वाटलं, आता सरांना नवा शब्द मिळाला, चहावर आठवडाभर चालेल. एक अक्षर बोलले नाहीत. टेबलाचा खण रिकामा केला, शाईची बाटली मला दिली आणि वहिनींना घेऊन सुरतेच्या उत्तर टोकाला, कोसाडला, मुलाकडे राहायला गेले. त्यांना दक्षिणेकडच्या सचिन या कारखान्यांच्या वस्तीत एका हिंदी माध्यमाच्या शाळेत नेमलं होतं. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं, बस बदलून. मराठी तिथं नव्हतंच. हिंदी आणि समाजविद्या शिकवा म्हणाले.

समिती मात्र आहे. वर्गांचं अस्तित्व संपलं, संरक्षण चालू आहे. कोरं करकरीत लेटरहेड आहे, वर्धापनदिन होतो, शेठ विद्यमान अध्यक्ष आहेत. गेल्या वर्षी त्यांना एकाएकी उदार वाटलं आणि जुन्या शिक्षकांचा सत्कार ठरला. ‘मराठीच्या अस्तित्वासाठी झटणारे’ असं निमंत्रणावर सोनेरी अक्षरांत छापलं. बागूल सर फोन उचलत नव्हते, तेव्हा ते पाकीट पोचवायचं माझ्याकडे आलं. मी निवृत्त, मला काम काय?

सचिनची शाळा पत्र्याच्या शेडांच्या रांगेतच आहे. तिथंही तोच खडखडाट. सरांचा वर्ग शोधत व्हरांड्यातून गेलो आणि खिडकीशी थांबलो, कारण आतून ओळखीचा साधा आवाज आला. हजेरी चालली होती. सर वाळले होते, केस पार पांढरे झाले होते. वर्गात ओडिशातली, बिहारातली, उत्तरेकडची, कुठली कुठली पोरं. एक नाव घेतलं, एक पोरगा उठला आणि म्हणाला, “अछि, सर.” सरांनी खूण केली. दुसरं नाव, “बानी, सर.” खूण. “हूं, सर.” खूण. जो तो आपल्या घरातलं ‘आहे’ बोलत होता, कुणी हसत नव्हतं. मला उगाचच बरं वाटलं. खिशातलं पाकीट मी आणखी आत ढकललं.

“कोमल पाटील.”

ही पोरगी मी ओळखली. हिचा थोरला भाऊ आमच्याकडे होता. बापाचं खातं सचिनला हललं तेव्हा ते लोक इकडे आले. सरांनी मान वर केली. वर्गातली ती एकटीच आपली असावी, कारण त्यांनी नाव जरा हळू घेतलं होतं. पोरगी ताडकन उठली, हात शरीराला चिकटवून.

“हाजिर, सर!”

सरांचं पेन कागदावर टेकलं नाही. “घरी काय म्हणता गं?” त्यांनी मराठीत विचारलं.

तिने इकडे तिकडे पाहिलं. शेजारची पोरगी तिच्याकडे बघत होती.

“घर में भी हाजिर बोलते हैं, सर.”

वर्ग हसला. ती पण हसली, जिंकल्यासारखी. सर तिच्याकडे पाहत होते, थांबलेल्या पेनासकट, आणि मला वाटलं, आता काहीतरी बोलतील; मिठाच्या डब्याचं तरी काढतील. नाही काढलं. तिच्या नावापुढे त्यांनी खूण केली, ती होतीच समोर, आणि पुढचं नाव घेतलं.